माडाचे पाय

सरळ पायांचं आमच्या घरात कुणाला कौतुक नव्हतं. मुरुडहून आगरदांड्याकडे जाणाऱ्या वाटेवर आमची पाडेल्यांची आळी होती. पाडेली म्हणजे माडावर चढून नारळ पाडणारा आणि पोफळीवर चढून सुपारीचे घोस उतरवणारा माणूस. वाड्या दुसऱ्यांच्या, झाडं दुसऱ्यांची, पण शेंड्यावरचं राज्य आमचं. आणि आळीतल्या शेंबड्या पोरालाही एक गोष्ट ठाऊक होती, की ज्याचे पाय फेंगडे तो माडाचा. गुडघे बाहेरच्या अंगाला वळलेले असले की बुंधा दोन पायांत नेमका बसतो, सरळ पायाचा माणूस घसरतो, असं आमचे लोक छातीठोकपणे सांगत. सरळ पायाचे दोन पाडेली आळीत रोज चढत होते आणि एकदाही घसरले नव्हते, पण त्यांच्याकडे कोण बघतो!

बाबाचे पाय सगळ्यांत फेंगडे. तो अंगणात उभा राहिला की दोन गुडघ्यांमधून कोंबडी पळून जायची, आणि त्याला त्याचा कोण अभिमान! हा अभिमान त्याच्या पाचवीच्या दिवसापासूनचा होता. आमच्यात बाळ पाच दिवसांचं झालं, पाचवी पुजली, की सुईण घरातल्या वडीलधाऱ्या पुरुषाला विचारायची, पाय कसे ठेवू? मुलगी असेल तर विचारायचंच नाही. तेल लावताना गुडघे दाबून दाबून पाय सरळ करायचे, कारण वाकड्या पायाची मुलगी खपवायची कुठे? मुलगा असेल तर वडीलधाऱ्यानं म्हणायचं, 'माडाचे ठेव.' मग सुईण त्या पोराच्या गुडघ्यांना हात लावत नसे. बाबाच्या पाचवीला आजोबांनी हे शब्द असे काही गरजून सांगितले म्हणे, की शेजारच्या वाडीतले लोक काय झालं ते बघायला आले. ही गोष्ट बाबानं आम्हाला इतक्या वेळा सांगितली होती की तो 'माज्या बापसानं' एवढं म्हणाला की आई उठून चुलीकडे जायची.

मी मुलगी, तरी माझेही पाय फेंगडेच. सुईणीनं मला वर्षभर दाबलं, रगडलं, फडक्यात करकचून बांधलं, पण काही उपयोग झाला नाही. मला बघितलं की ती हात झटकायची आणि म्हणायची, ही जन्माची हट्टी. हट्टी मी होतेच, त्यामुळे सगळ्यांना ते पटायचं. लग्नाच्या वेळी मात्र पंचाईत होती. बघायला आलेले लोक मुलीला चालून दाखवायला सांगत. बाबानं काय करावं? पाहुणे पाटावर टेकतात न टेकतात तोच त्यानं नवऱ्या मुलालाच उठवलं आणि अंगणात चालायला लावलं. मुलगा चालला, चांगला फेंगडा निघाला, आणि बाबानं तिथल्या तिथे 'आमाला पसंत हाय' म्हणून टाकलं. त्या गोंधळात मला कुणी उठवलंच नाही. मी आत तोंडात पदर कोंबून हसत होते.

लग्न आळीतल्या आळीत झालं, त्यामुळे बाबाचं काम मला रोज दिसायचं. पोफळ बारीक, उंच आणि लवचीक. चांगला पाडेली एका पोफळीचे घोस काढले की खाली उतरत नाही. शेंड्याला झोके देतो, पोफळ वाकते, आणि शेजारची हाताशी आली की तिच्यावर जातो. बाबा तर सकाळी जो चढायचा तो दुपारच्या भाकरीलाही उतरेना. दोरीनं भाकरी वर ओढून घ्यायचा आणि शेंड्यावर बसून खायचा. वाडीचा मालक म्हणायचा, काय ही कामाची हौस! आम्हीही फुगलो होतो. त्या हंगामाच्या शेवटी शेवटी खरं काय ते कळलं. बाबाला वर काही होत नव्हतं, त्याचा उजवा गुडघा दुखायचा तो उतरताना आणि सपाट जमिनीवर चालताना. म्हणून तो झाडावरच राहायचा.

एका दुपारी तो वरच अडकला. बुंध्याला वेढलेला पाय सरळ होईना. खालून आम्ही ओरडतोय, तो वरून आम्हालाच शिव्या घालतोय. शेवटी माझा नवरा शेजारच्या पोफळीवर चढून झोका घेत त्याच्यापाशी गेला आणि दोरानं बांधून त्याला खाली आणलं. गुडघा सोललेल्या नारळाएवढा झाला होता. लोक म्हणाले वात. आजोबांनाही शेवटी शेवटी असाच वात झाला होता, ते तर घरातल्या घरात बसून सरकत असत. शेक, तेल, निर्गुडीचा पाला, सगळं झालं. मग मुरुडला सायकलवरून फिरणाऱ्या डॉक्टरांना बोलावलं.

हे डॉक्टर जाडे, हसरे आणि चालताना गुडघ्याला गुडघा घासणारे. पायांच्या बाबतीत ते आमच्या बरोब्बर उलट, त्यामुळे आळीत त्यांची टवाळी व्हायची. त्यांनी बाबाचा गुडघा वाकवला, उघडला, त्यावर कान ठेवला आणि म्हणाले, मुंबईला जाऊन हाडांचा फोटो काढून आणा. हाडांचा फोटो! आळीत दोन दिवस दुसरा विषय नव्हता. एका म्हातारीनं तर विचारलं, फोटो काढताना गुडघा सोलतात का?

होळी झाल्यावर बाबा आणि माझा नवरा आगबोटीनं मुंबईला गेले. मला दिवस गेले होते, म्हणून मला नेलं नाही. मी रडून घर डोक्यावर घेतलं. आगबोट खोल पाण्यात थांबायची, होडीतून जाऊन दोराच्या शिडीनं वर चढावं लागायचं. नवरा नंतर सांगायचा, की सगळ्या उतारूंच्या आधी बाबा शिडीवरून वर पोहोचला आणि मग वरच्या सपाट फळ्यांवर दोन पावलं टाकताना त्याच्या डोळ्यांत पाणी आलं.

फोटो आला तो दिवस मी जन्मात विसरणार नाही. डॉक्टरांनी तो काळा कागद उन्हासमोर धरला आणि आम्ही सगळे त्यांच्या खांद्यांवरून वाकलो. माणसाच्या आतलं दिसत होतं! वरचं हाड, खालचं हाड, वाटी, सगळं पांढरं आणि धुरकट. माझ्या अंगावर काटा आला, आणि पोटातल्या पोरानंही लाथ मारली. डॉक्टर बोट ठेवून दाखवू लागले. बाहेरच्या बाजूला दोन हाडांमध्ये नीट काळी फट दिसत होती. तिथे एक मऊ गादी असते, ती फोटोत दिसत नाही, म्हणून फट दिसते. आतल्या बाजूला फटच नव्हती. हाड हाडावर टेकलं होतं, आणि कडेला हाडाला बारीक काटे फुटले होते.

का, असं मीच विचारलं. मला धीर कुठला? डॉक्टर म्हणाले, पाय सरळ असला तर अंगाचा भार गुडघ्याच्या दोन्ही बाजूंवर वाटून पडतो. पाय असा बाहेर वाकलेला असला की तो आतल्या बाजूवर जास्त पडतो. ती बाजू झिजते. ती झिजली की पाय आणखी वाकतो, आणि वाकला की आणखी झिजते. आई म्हणाली, जात्याचा मधला खिळा कलला की वरची पाळू एकाच अंगाला झिजते, तसंच ना? डॉक्टर म्हणाले, अगदी तसंच. आई दिवसभर त्या 'अगदी तसंच' वर खूश होती.

बाबासुद्धा आधी खूशच होता. फोटो काखेत घालून तो लंगडत आळीभर फिरला, प्रत्येकाला उन्हात धरून दाखवला, उलटासुद्धा दाखवला. भानामती नाही, नजर नाही, मला काय झालंय ते मला दिसलंय, असं सांगत सुटला. पण जेवायला बसला आणि घास हातातच राहिला. म्हणाला, "म्हंजे माज्या बापसानं माजा गुडघा खाल्ला." मग तो बोलतच सुटला. पाय कुणी वाकडे ठेवले? 'माडाचे ठेव' कोण म्हणालं? त्यानं म्हटलं नसतं, तर सुईणीनं दाबले असते आणि आज मी झाडाखाली नारळ सोलत बसलो नसतो. जन्मभर ज्या शब्दांवर तो मिरवला तेच शब्द आता त्याला चावत होते. शेवटी त्यानं सांगून टाकलं, की या भादव्यात बापसाचं पान वाढणार नाही.

आईच्या हातून पळी पडली. पितरांच्या पंधरवड्यात बापाला उपाशी ठेवायचं? आमच्यात भांडणं होत, वाटण्या होत, माणसं एकमेकांची तोंडं बघत नसत, पण मेलेल्याचं पान कुणी बंद केलेलं ऐकलं नव्हतं. आई विनवून थकली. बाबा हट्टी, आणि माझा हट्ट कुठून आला ते त्या दिवशी मला समजलं. मला आजोबांची दया येत होती आणि बाबाचीही, आणि दोघांपैकी कुणाची बाजू घ्यावी ते कळत नव्हतं.

पण खरं सांगायचं तर त्या फोटोनं मला वेड लावलं होतं. सातव्या महिन्याची मी, पण घरात पाय ठरेना. जो दिसेल त्याचे गुडघे बघायचे. मुरुडच्या बाजारात कोळणी गुडघ्यापर्यंत लुगडं नेसून बसायच्या, तिथे तर माझी चंगळच होती. सरळ जाऊन विचारायचं, मावशी, गुडघा दुखतो का, आतून की बाहेरून? एक म्हणाली आतून, बघते तर पाय फेंगडे. दुसरी फेंगडी, तीही आतून. मग गुडघ्याला गुडघा घासणारी एक सापडली, ती म्हणाली बाहेरून! मी तिथेच टाळी वाजवली. तिनं बोंबलाची टोपली उगारून मला हाकललं. पेठेतल्या एका म्हाताऱ्या व्यापारी चाचांना लांबून बघितलं, पाय फेंगडे दिसले, आणि आतून दुखतो ना, असं नवऱ्याकरवी विचारलं. ते म्हणाले, "सुभानल्ला, अंदरसेच दुखतंय, पोरीला कसं कळलं?" डॉक्टरांनाही मी सोडलं नाही. ते जरा लाजले आणि म्हणाले, बाहेरून. मला असं वाटत होतं की साऱ्या मुलखाच्या चाव्या माझ्या हाती आल्यात.

डॉक्टरांनी मात्र मला एक ताकीद दिली. वाकडा पाय म्हणजे दुखणारच असं समजू नकोस. दुखलं तर कुठल्या बाजूनं, ते बहुतेक वाकडेपण ठरवतं; पण दुखेल की नाही त्यात वय, वजन, काम, लागलेला मार, पुष्कळ गोष्टी येतात. ते खरं निघालं. माझा नवरा बाबाइतकाच फेंगडा, आणि म्हातारपणीही तो पोफळीवरून खाली उतरून माझ्याशी भांडायला धावत येत असे. पण तेव्हा ऐकतो कोण? मला दिसत होती ती फक्त फट नसलेली बाजू.

श्रावणात मी माहेरीच बाळंत झाले. मुलगा. फडकं बाजूला केलं तर पाय धनुष्यासारखे वाकडे! आळीतल्या बायका बघून जात आणि म्हणत, आजावर गेलाय, माडाचा हाय. मी मात्र रडत होते. त्या इवल्या गुडघ्यांत मला बाबाचा फोटो दिसत होता.

पाचवी पुजली. सुईण तेलाची वाटी घेऊन बसली आणि तिनं बाबाकडे बघून नेहमीचा सवाल टाकला, पाय कसे ठेवू? सगळी आळी दारात. बाबा काठी टेकून उभा होता. माडाचे ठेव म्हणाला, तर पोराचा गुडघा जाणार. सरळ कर म्हणाला, तर पोटाचा धंदा जाणार, कारण सरळ पायाच्या पाडेल्याला आळीत मान नव्हता.

"माला नको इचारू," तो म्हणाला. "आज मी बोलीन, आन उद्या ह्यो माजं पान बंद करील."

बाळंतिणीनं तोंड उघडायचं नसतं, पण माझ्यानं राहवलं नाही. मी आतून म्हणाले, "दाब. बोल लागला तर माला लागू दे." बायका कुजबुजल्या. सुईणीनं दाबायला घेतलं.

त्यानंतरचे दिवस मला नीट आठवतात ते पोराच्या किंकाळ्यांमुळे. सुईण रोज त्याला पायांवर घेऊन गुडघे रगडायची, मग फडक्यानं दोन्ही पाय एकत्र बांधायची. आळीतली प्रत्येक बाई येऊन गुडघ्यांमध्ये बोटं घालून बघायची, किती फट राहिली. कुणाला कमी दिसे, कुणाला जास्त, आणि त्यावर पैजा लागत. बाबा त्या वेळी घरात थांबत नसे. पंधरवडा जवळ येत चालला होता आणि आईनं पानाचा विषय काढला की तो उठून वाडीत जायचा.

पितृपक्ष लागला. आजोबांच्या तिथीच्या आदल्या दिवशी पोराला खोकला झाला म्हणून डॉक्टरांना बोलावलं. त्यांनी छाती बघितली, आणि मग त्यांना बांधलेले पाय दिसले. हे काय, असं त्यांनी विचारलं. मी मोठ्या तोऱ्यात सांगितलं, तुम्हीच म्हणालात ना, वाकडा पाय झिजतो, म्हणून सरळ करतोय. डॉक्टरांनी कपाळावर हात मारला आणि स्वतःच्या हातानं फडकं सोडलं.

ते म्हणाले, अहो, आईच्या पोटात पाय दुमडून बसलेलं पोर वाकड्या पायांचंच येणार. माझं आलं, वाण्याचं आलं, नबाबाचं आलं तरी तसंच येणार. चालायला लागलं की वर्षा-दोन वर्षांत बहुतेकांचे आपले आपण सरळ होतात. कुठल्या कुठल्या घराण्यात थोडे वाकडे राहतात, जसं नाक येतं तसा पायही येतो. दाबून सरळ होत नाहीत आणि सोडून वाकडे राहत नाहीत. पोराला उगाच छळू नका.

सुईण चवताळली. म्हणाली, आमच्या चार पिढ्यांनी दाबले, ते काय उगाच? आणि ज्यांचे सोडले त्यांचे फेंगडेच झाले ना? बाबाकडे बोट दाखवून म्हणाली, हे काय समोर उभे आहेत!

आणि माझ्या डोक्यात असा काही लख्ख प्रकाश पडला की मी बाळंतीण आहे हे विसरून उडीच मारली. लुगडं गुडघ्यापर्यंत वर धरून मी अंगणाच्या मधोमध उभी राहिले. "आन माजे? माजे तर दाबले व्हते ना? वरीसभर दाबले व्हते!"

सगळे माझ्या पायांकडे बघत राहिले. ते पाय सगळ्यांनी जन्मापासून बघितले होते. बाबाचे सोडलेले आणि माझे दाबलेले, आणि दोन्ही एका साच्यातले. मला हट्टी म्हणायची सुईणीची हिंमत झाली नाही. मला तर नाचावंसं वाटत होतं. डॉक्टर इतके हसले की त्यांना पाटावर बसावं लागलं. मग त्यांनी विचारलं, आजोबांचे पाय कसे होते? आई म्हणाली, तसेच. आणि त्यांच्या वडिलांचे? तसेच, असं ऐकून होतो. प्रत्येक पिढीत कुणीतरी 'माडाचे ठेव' म्हणालं होतं आणि प्रत्येक पिढीत पाय फेंगडे आले होते, म्हणून आम्हाला वाटलं होतं की ते शब्दांनी आले. अख्ख्या आळीला वाटलं होतं.

हसत नव्हता तो फक्त बाबा. तो काठी धरून डॉक्टरांपाशी आला. त्याचा आवाज अगदी लहान झाला होता.

"म्हंजे तो बोलला नसता, तरी माजे असंच ऱ्हायले असते?"

डॉक्टर म्हणाले, असेच. सुईणीनं दोन्ही हातांनी जन्मभर दाबले असते, तरी असेच.

बाबा ओटीवर जाऊन बसला. बराच वेळ त्यानं माझ्या पोराला मांडीवर घेऊन ठेवलं, सोडलेले पाय हवेत उडत होते. मग त्यानं आईला हाक मारली आणि केळीचं पान आणायला सांगितलं. आई म्हणाली, सकाळी आणते. तो म्हणाला, आत्ताच बघून ठेव, फाटलेलं नको, मोठं हवं.

दुसऱ्या दिवशी आईनं रांधलं. भात, वरण, भाजी, वडे, खीर, आणि आजोबांना आवडायची म्हणून ओल्या खोबऱ्याची आंबट चटणी. पान बाबानं स्वतः वाढलं, कुणाला हात लावू दिला नाही. पानासमोर मांडी घालून बसायचं असतं, पण गुडघा वाकेना. त्यानं वाकडा पाय तसाच पुढे पसरला, भातावर तुपाची धार सोडली आणि दोन्ही हात जोडले.

"जेव बापूस," तो म्हणाला. "पोटभर जेव. तुजं काय चुकलं न्हाय."